जळगाव ते लंडन: अंतर किती, विमान किती तास आणि घरातून कधी निघायचं

‘मुंबई-लंडन किती तास?’ असं विचारलं की कुणीही ‘नऊ-दहा तास’ म्हणून मोकळं होतं. उत्तर चूक नाही, पण जळगाव, धुळे, नंदुरबार, चाळीसगावकडून निघणाऱ्याला ते पुरत नाही. जळगावच्या घराला कुलूप लावल्यापासून लंडनमध्ये कुणाच्या तरी दाराची बेल वाजवेपर्यंत साधारण २८ तास जातात. त्यातले विमानातले जेमतेम दहा. उरलेले अठरा तास कुठल्याच तिकिटावर एकत्र छापलेले नसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याचं घोडं अडतं ते नेमकं तिथेच: इगतपुरीच्या अलीकडे थांबलेल्या गाडीत, ठाण्याच्या वाहतुकीत, नाहीतर तिकिटावरची तारीख वाचताना.

खाली लंडन हे मुख्य उदाहरण धरलं आहे आणि जोडीला न्यूयॉर्क. लेकीकडे टोरांटोला जायचं असो की नोकरीसाठी दुबईला, रीत हीच; फक्त आकडे आपले घालायचे.

पायरी पहिली: अंतर काढा

अंतर म्हणून तीन वेगळे आकडे समोर येतात आणि त्यांची सरमिसळ होते. एक, पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर. दोन, विमान प्रत्यक्षात कापतं ते. हे पहिल्यापेक्षा नेहमी थोडं जास्त. तीन, आपण घरापासून घरापर्यंत करतो तो प्रवास. घराजवळचं उदाहरण घ्या. जळगाव ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३५० किमी आहे. रेल्वेने तेच सुमारे ४२० किमी भरतं, कारण रूळ चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड असं वळत घाट उतरतात. विमानाला घाट नसला तरी त्यालाही वळणं घ्यावी लागतात. ती का, ते पुढे येईल.

पहिलं अंतर काढायची सर्वांत सोपी रीत म्हणजे पृथ्वीचा गोल आणि दोरा. शाळेत असतो तसा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंमी, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किमी. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किमी. मुंबईवर बोट ठेवून दोरा लंडनपर्यंत ताणा आणि पट्टीवर मोजा. १७ सेंमीच्या आसपास भरेल. १७ गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५. खरा आकडा सुमारे ७,२१० आहे, म्हणजे दोऱ्याने काम फत्ते. न्यूयॉर्कसाठी दोरा साडेएकोणतीस सेंमी लागतो, म्हणजे १२,५०० किमीच्या पुढेमागे.

हा दोरा ताणताना एक गोष्ट दिसते, ती भिंतीवरच्या नकाशात कधीच दिसत नाही. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा आडवा जात नाही. तो उत्तरेला चढतो, आइसलंड ज्या अक्षांशावर आहे तिथवर, म्हणजे जवळपास ६५ अंशांपर्यंत, आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. सपाट नकाशा ध्रुवाकडचा भाग ताणून मोठा दाखवतो, म्हणून नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात लांबची असते आणि वाकडी दिसणारी वाट जवळची. विमानातल्या पडद्यावर रेघ वर चढताना पाहून ‘हे इकडून कुठे चाललं?’ असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर या दोऱ्यात आहे.

नेमका आकडा हवा असेल तर फोनमधलं वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतं:

१. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचं हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम.

२. रेखांशांमधला फरक काढा. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज करायची: ७२.८७ अधिक ०.४६ म्हणजे ७३.३३.

३. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५९.

४. दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा आणि रेखांश-फरकाच्या कॉसचा गुणाकार: ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८६९ = ०.१६८९.

५. दोन्हींची बेरीज ०.४२४८. तिचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की ६४.८६ अंश येतात. एका अंशाला १११.२ किमी, म्हणून ७,२१२ किमी.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर नसून ‘रेडियन’वर असेल तर उत्तर भलतंच येतं; आधी साइन ३० काढून बघा, ०.५ आलं तर ठीक. दुसरी चूक पूर्व-पश्चिमेची. न्यूयॉर्क ७३.७८ पश्चिम आहे. बेरजेऐवजी वजाबाकी केली तर मुंबई-न्यूयॉर्क २,४०० किमी निघतं, म्हणजे मुंबई-सिंगापूरपेक्षाही जवळ! उत्तर दोऱ्याशी जुळतं का ते एकदा पाहायचं, म्हणजे असला घोटाळा लगेच ध्यानात येतो.

एवढाही खटाटोप नको असेल तर गूगल मॅप्सवर मुंबई विमानतळावर बोट दाबून धरा, पिन आली की ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसरं टोक हीथ्रोवर न्या. तिथे येणारा आकडाही गोलावरचाच असतो. ‘दिशानिर्देश’ मात्र दाबू नका, ते रस्त्याचं अंतर शोधायला लागतं.

कामाला येतील असे काही आकडे, सगळे किलोमीटरमध्ये आणि पूर्णांकाच्या जवळ आणलेले: मुंबई-दुबई १,९२५, दुबई-लंडन ५,५००, मुंबई-न्यूयॉर्क १२,५३०, दुबई-न्यूयॉर्क ११,०००, दिल्ली-लंडन ६,७३०, दिल्ली-न्यूयॉर्क ११,७५५. कुठे मैलांत आकडा दिसला तर साधा मैल १.६०९ किमीचा आणि वैमानिकांचा नॉटिकल मैल १.८५२ किमीचा.

या आकड्यांत एक गंमत दडली आहे. दुबईमार्गे लंडनला गेलं तर १,९२५ अधिक ५,५०० म्हणजे ७,४२५ किमी. थेट अंतरापेक्षा फक्त २१५ किमी जास्त, म्हणजे विमानाची पंधरा मिनिटं. तरी तो प्रवास चार तासांनी लांबतो. अंतरामुळे लांबत नाही, दुबईला उतरणं, थांबणं आणि पुन्हा उडणं यामुळे लांबतो.

पायरी दुसरी: अंतरावरून तास काढा

मोठी प्रवासी विमानं ताशी सुमारे ९०० किमी वेगाने जातात. म्हणून ७,२१० भागिले ९०० म्हणजे आठ तास, असा हिशेब करून लोक तिकीट बघतात आणि तिथे साडेनऊ-दहा तास दिसले की बुचकळ्यात पडतात. मधले दीड-दोन तास असे जातात.

आधी अंतर वाढवा. विमान दोऱ्यावरून जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं आणि बंद हद्दी टाळतं. साधारण ४ टक्के वाढ धरा: ७,२१० चे ७,५०० होतात. मग वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. युरोप-अमेरिकेकडे जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. म्हणून जाताना सरासरी वेग ८४० आणि येताना ९३० धरायचा. शेवटी चढण्या-उतरण्यात आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात जाणारा अर्धा तास मिळवायचा.

जाताना: ७,५०० भागिले ८४० म्हणजे ८.९, अधिक अर्धा, सुमारे साडेनऊ तास. येताना: ७,५०० भागिले ९३० म्हणजे ८.१, अधिक अर्धा, सुमारे साडेआठ. न्यूयॉर्कचं तसंच: १२,५३० चे ४ टक्के वाढवून १३,०३०. जाताना सोळा तास, येताना साडेचौदा.

तिकिटावरचा वेळ याहून अर्धा-पाऊण तास जास्त असतो. तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो आणि कंपन्या त्यात थोडी पदरची मिनिटंही घालतात. म्हणूनच वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कित्येकदा वेळेवर पोचतं. हीथ्रोवर सकाळच्या गर्दीत उतरायला जागा मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, तीही मिनिटं यातच धरलेली असतात.

आता वळणं. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. रशियाची हद्द ब्रिटिश, युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झाली, भारतीय कंपन्यांना नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली आणि त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. परदेशी कंपन्यांना मात्र ती लागू नव्हती. परिणाम असा की एकाच मार्गावरच्या दोन कंपन्यांच्या वेळांत तास-दीड तासाचा फरक पडू शकतो. सर्वांत जास्त फटका दिल्लीहून सुटणाऱ्या उड्डाणांना बसला. दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा पावणेआठशे किमी जवळ असली, तरी तिथल्या भारतीय कंपनीच्या विमानाला आधी गुजरातकडे खाली येऊन समुद्रावरून वळसा घालावा लागतो, आणि जवळ असल्याचा बराचसा फायदा तिथेच संपतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी एक काम जरूर करा. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाकून मागच्या सात दिवसांत ते किती वाजता सुटलं आणि किती वाजता पोचलं ते बघा. सातातले चार दिवस उशीर असेल तर तोच त्याचा खरा वेळ समजा.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ हे शब्दही सारखे नाहीत. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच. मध्ये कुठे उतरून तास-दोन तास थांबलं तरी ते डायरेक्टच म्हणवतं. न थांबता हवं असेल तर ‘नॉन-स्टॉप’ लिहिलंय का ते पाहा.

पायरी तिसरी: घड्याळ आणि तारीख

तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धा गोंधळ मिटतो. मुंबईहून ०२.३०, लंडनला ०७.००, असं वाचून साडेचार तासांचा प्रवास वाटतो. परतीला लंडनहून २०.३०, मुंबईला दुसऱ्या दिवशी ११.००, म्हणजे साडेचौदा तास वाटतात. खरे आहेत दहा आणि नऊ.

भारत आणि लंडनमधला फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचारांचा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ; तिथे बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली आणि ब्रिटन न बदललेलं अशी स्थिती असते. लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्याने तेव्हा घरच्यांना पाठ केलेले फरक सांगू नयेत. दुबई वर्षभर दीड तास मागे, सिंगापूर वर्षभर अडीच तास पुढे.

घरी थांबणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक सोपी युक्ती आहे. आकडे नसलेलं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की हिवाळ्यातली लंडनची वेळ दिसते. आपल्याकडे बारा वाजलेले असताना घड्याळ उलटं करा, काटे साधारण साडेसहा दाखवतील. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा.

आता तारखेचा सापळा. लांबच्या उड्डाणांपैकी बरीच मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ जानेवारी, ०२.३०’ असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री हजर व्हायचं असतं. १५ ला जेवून-खाऊन निघणाऱ्याचं विमान त्याच पहाटे गेलेलं असतं आणि तिकिटाचे पैसे बहुतेक करून बुडालेले असतात. खान्देशातल्या माणसासाठी हा सापळा दुहेरी आहे, कारण भुसावळ-जळगावला थांबणाऱ्या कित्येक गाड्याही मध्यरात्रीच्या आगेमागे येतात. रेल्वेच्या तिकिटावर तारीख असते ती तुम्ही ज्या स्थानकावर चढता तिथली. गाडी नागपूर किंवा हावड्याहून आदल्या दिवशी निघालेली असली तरी जळगावला ती ००.३५ ला येत असेल तर नवी तारीख टाकायची, आणि स्थानकावर जायचं आदल्या रात्री. दोन्ही तिकिटं समोर ठेवून प्रत्येकावर पेनने वार लिहा: ‘मंगळवारी रात्री घरातून निघायचं’. वारामुळे जी चूक पकडली जाते ती तारखेमुळे जात नाही.

पायरी चौथी: उलटा हिशेब करून घरातून निघायची वेळ

हिशेब विमानाकडून घराकडे करायचा. घरापासून सुरुवात केली की माणूस प्रत्येक टप्प्याला मनातल्या मनात सूट देत जातो.

समजा, विमान १५ तारखेला ०२.३० ला. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतं, काही कंपन्यांचं ७५ मिनिटं आधीच. सामान देणं, इमिग्रेशनची रांग आणि सुरक्षा तपासणी धरून साडेतीन तास आधी विमानतळाच्या दारात: रात्री ११. स्थानकावरून तिथे पोचायला सामानासह दीड तास: ९.३०. गाडी उशिरा आली तर हाताशी असावेत म्हणून तीन तास: ६.३०. म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे मुंबईत संध्याकाळी साडेसहाला पोचणारी गाडी हवी. मेल-एक्स्प्रेस गाड्या जळगावहून दादरला साडेसहा ते आठ तास घेतात, सात धरू: जळगाव सकाळी ११.३०, तारीख १४.

विमान हिवाळ्यात ०७.०० ला हीथ्रोवर. इमिग्रेशन आणि सामान दीड-दोन तास, शहरात पोचायला एक तास. लंडनला सकाळी १०, आपल्याकडे दुपारी साडेतीन. ११.३० ते दुसऱ्या दिवशीचे ३.३०: झाले २८ तास.

या यादीतले तीन तासांचे राखीव बघून घरचे म्हणतात, ‘एवढा वेळ विमानतळावर बसून काय करणार?’ ते तीन तास मात्र कमी करू नका. इगतपुरी-कसारा घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की पूर्ण मार्ग ठप्प होतो. गाड्या रद्द होतात किंवा वळवल्या जातात. रविवारी मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावर मेगाब्लॉक असतो आणि कल्याणपासून पुढे गाडी रांगत जाते. जून ते सप्टेंबरमध्ये तीनाचे पाच तास करा, किंवा सरळ आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. मुक्कामाचा खर्च चुकलेल्या विमानाच्या तिकिटापुढे काहीच नाही.

विमान दुपारचं असेल तर रात्रीची गाडी किंवा ट्रॅव्हल्स घेऊन पहाटे मुंबईत उतरता येतं. इथे बरेच जण मुंबईला सकाळी सहाला पोचणारी बस आणि नऊचं विमान असा घोळ करतात. रात्रीच्या बसला भिवंडीत दोन तास अडकायला काहीच कारण लागत नाही.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते १२० होते. विमानाचं तिकीट तीन-चार महिने आधी काढलेलं असतं, त्यामुळे साठावा दिवस कॅलेंडरवर मांडून त्याच सकाळी रेल्वेचं काढा. वेटिंगच्या भरवशावर विमानाचा प्रवास आखू नका. ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, आणि ते कळतं तेव्हा जेमतेम काही तास उरलेले असतात.

कुठून चढायचं, कुठे उतरायचं

जळगाव-भुसावळकरांना रेल्वे उत्तम. मुंबईत दादरपर्यंत जायलाच हवं असं नाही. गाडी ठाण्याला थांबत असेल तर तिथे उतरून टॅक्सीने सहारचं टर्मिनल दोन गाठणं बरं पडतं. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपणाऱ्या गाड्याही विमानतळाला जवळ. मेट्रो ३ चं स्थानक थेट टर्मिनल दोनला आहे, पण दोन मोठ्या बॅगा आणि संध्याकाळची गर्दी असेल तर तो विचार एकट्या, हलक्या सामानाच्या माणसानेच करावा.

तिकिटावर विमानतळाचा कोड नीट वाचा. जुन्या मुंबई विमानतळाचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे आणि तो उलवे-पनवेलकडे आहे. त्याच्यासाठी कल्याणला उतरून शिळफाट्याकडून जाणं सोयीचं. सवयीने सहारला गेलात तर मुंबईतून पुन्हा खाडी ओलांडून यायला हातातले तीन राखीव तास तिथेच संपतील.

धुळेकरांना रस्ता सरळ: मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे सव्वातीनशे किमी, मालेगाव-नाशिकमार्गे सहा-सात तास. इगतपुरीपासून समृद्धी महामार्गावर चढलं तर कसारा घाट टळतो. तिथला बोगदा जवळपास ८ किमीचा आहे आणि रस्ता भिवंडीजवळ आमण्याला उतरतो. हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. घाट वाचला तरी आमण्यापासून ठाण्यापर्यंतची गर्दी वाचत नाही, तेव्हा हिशेबातून मिनिटं कापायची घाई नको.

नंदुरबार, नवापूरकडच्यांनी पश्चिम रेल्वेचा विचार आधी करावा. सुरतमार्गे येणारी गाडी बोरिवली-अंधेरीच्या बाजूने मुंबईत शिरते, विमानतळ त्याच अंगाला आहे.

जळगावहून विमानाने मुंबई गाठणं ऐकायला झकास. पण ती छोटी विमानं, वेळापत्रक बदलतं, आणि धुक्यात-पावसात उड्डाण रद्द झालं की दुसरं लगेच नसतं. त्यात वजनाचा प्रश्न. देशांतर्गत उड्डाणात साधारण १५ किलो सामान चालतं, अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. दोन तिकिटं वेगळी असतील तर ४६ किलोंपैकी ३१ किलोंचे जादा पैसे जळगावातच मोजावे लागतील.

अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगर जळगावहून दीडशे-एकशेसाठ किमी आहे. तिथून दिल्ली आणि पुढे युरोप-अमेरिका, सगळं एकाच तिकिटावर मिळत असेल तर हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. चाळीसगावकडून जाणाऱ्यांनी पावसाळ्यात कन्नड घाट उघडा आहे का ते आधी विचारून निघावं.

एक पीएनआर की दोन

मध्ये विमान बदलायचं असेल तर सर्व टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर घ्या. मग पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं आणि सामान शेवटच्या गावापर्यंत आपोआप जातं. दोन वेगळी तिकिटं दोन-चार हजारांनी स्वस्त पडतात, पण मधल्या विमानतळावर सामान बाहेर जाऊन घ्यावं लागतं, त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं आणि शिरायला बहुतेक ठिकाणी व्हिसा लागतो. काही देशांत तर विमानतळाच्या आतच थांबायलाही ट्रान्झिट व्हिसा मागतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टसाठीचा नियम वाचा. एजंटच्या ‘काही होत नाही’वर जाऊ नका.

मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी असेल तर नव्या माणसाने टाळावा, अडीच-तीन तास बरे. अमेरिकेत जाताना पहिल्या अमेरिकी विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, एकच पीएनआर असला तरी. तिथे तीन तासांखाली जाऊ नका.

परतीचा प्रवास

येताना दमलेलं शरीर आणि घरची ओढ, म्हणून लोक विमान उतरल्यानंतर दोन तासांची गाडी धरतात. ती सुटते. मुंबईला सामान बाहेर येऊन टॅक्सीत बसेपर्यंत दीड तास, स्थानकापर्यंत तास-दीड तास, विमान उशिरा आलं तर त्यावर आणखी दोन तास. उतरायच्या वेळेत पाच तास मिळवा आणि त्यानंतरची गाडी घ्या. सकाळी ११ ला उतरणार असाल तर दुपारी चारनंतरची. विमान रात्री बारानंतर पोचत असेल तर तारीख पुन्हा एकदा मोजा, कारण लंडनहून २० तारखेला निघालेला माणूस मुंबईत २१ ला उतरतो आणि घरच्यांनी कित्येकदा गाडीचं तिकीट २० चं काढून ठेवलेलं असतं.